मेंदूतलं तांबं-जस्त दाखवणारा दिवा औषधही होईल का?

पांढऱ्या शर्टावर वरणाचा थेंब पडला आणि घाईत त्यावर साबण चोळला, की पिवळा डाग क्षणात लाल होतो. चुना लागला की हळदीचं कुंकू होतं, तेही याच कारणानं. हळदीतल्या कर्क्यूमिन या रेणूला भोवती अल्कली आहे हे ‘कळतं’ आणि तो रंग बदलून ते आपल्याला सांगतो. जो रेणू स्वतः बदलून आजूबाजूची गोष्ट कळवतो, त्याला रसायनशास्त्रात सेन्सर, म्हणजे संवेदक म्हणतात.

अल्झायमरच्या संशोधनात गेली काही दशकं असेच संवेदक बनवले जात आहेत. ते अल्कली नव्हे, तर तांबं, जस्त आणि लोह ओळखतात आणि ओळख पटली की चमकतात. यावरच्या बातम्यांचा सूर बहुतेक वेळा सारखाच असतो: ‘अल्झायमर ओळखणारं आणि बरंही करणारं चमकतं रसायन सापडलं.’ भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. इतक्या घरांत अशी बातमी आशेनं वाचली जाते, म्हणून तिच्यातला कोणता भाग खरा आहे आणि कोणता अजून फार लांब आहे, हे नीट समजून घेतलं पाहिजे.

मेंदूत धातूचं काम काय?

धातू म्हटलं की आपल्याला विष आठवतं, पण तांबं, जस्त आणि लोह नसतील तर मेंदू एक दिवसही चालणार नाही. लोह आणि तांबं पेशींना ऊर्जा तयार करायला लागतात. जस्ताचं काम आणखी वेगळं आहे. आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागात काही चेतापेशी जस्त लहान पिशव्यांत साठवतात आणि संदेश देताना बाहेर सोडतात.

अल्झायमरच्या मेंदूत दोन प्रकारची घाण साचते. पेशींच्या आत टाऊ नावाच्या प्रथिनाचे गुंते होतात, आणि पेशींच्या बाहेर अमायलॉइड-बीटा या छोट्या प्रथिनतुकड्याच्या गाठी बनतात. हा तुकडा बहुधा ४० किंवा ४२ अमिनो आम्लांचा असतो. त्याच्या साखळीत ६, १३ आणि १४ या क्रमांकांवर हिस्टिडीन नावाची अमिनो आम्लं आहेत आणि ती तांबं-जस्त पकडतात. जस्तामुळे हे तुकडे झपाट्यानं गोळा होतात, हे १९९४ साली दाखवलं गेलं. १९९८ साली रुग्णांच्या मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूंतल्या गाठींमधले धातू मोजले, तेव्हा निरोगी मेंदूच्या तुलनेत तांबं सुमारे पाचपट, तर जस्त आणि लोह सुमारे तिप्पट निघालं.

यातलं तांबं जास्त त्रासदायक ठरतं. गाठीत अडकलेलं तांबं इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण करत राहतं आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी पेशी जाळणारी द्रव्यं तयार होतात. जस्त असं करत नाही, ते तुकड्यांना चिकटवण्याचं काम करतं.

एक गोष्ट इथेच मनात पक्की करून ठेवा, पुढे ती कामाला येणार आहे. गाठीत धातू जास्त असतो, म्हणून संपूर्ण मेंदूत तो जास्त झाला असं होत नाही. कित्येक मोजमापांत अल्झायमरच्या मेंदूत एकूण तांबं उलट कमी निघालं आहे. म्हणजे वाण्याच्या एकाच पोत्यात धान्य कोंबलंय आणि बाकी फळ्या रिकाम्या आहेत, तशी ही स्थिती आहे.

दिवा पेटतो कसा?

काही रेणू एका रंगाचा प्रकाश शोषतात आणि लगेच दुसऱ्या, जास्त तरंगलांबीच्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतात. याला प्रतिदीप्ती म्हणतात. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली नोटेतले धागे चमकतात, ती प्रतिदीप्तीच. सॅनिटायझरमध्ये चिमूटभर हळद विरघळवून तो दिवा वरून धरला, तर द्रव हिरवट-पिवळा उजळतो. (दिवा डोळ्यांकडे धरू नका.)

धातू ओळखणाऱ्या संवेदकाला दोन अवयव लागतात. एक, चमकणारा भाग. दुसरा, धातू पकडणारी नांगी. नांगी हा शब्द इथे अगदी चपखल बसतो. धातूला दोन-तीन बाजूंनी धरणाऱ्या रेणूंना किलेट म्हणतात आणि तो शब्द खेकड्याच्या नांगीसाठीच्या ग्रीक शब्दावरूनच आला आहे.

८-हायड्रॉक्सिक्विनोलिन या जुन्या, साध्या रेणूचं उदाहरण घेऊ. त्याच्यात नायट्रोजन आणि ऑक्सिजन शेजारी शेजारी बसलेले असतात आणि ऑक्सिजनवर एक हायड्रोजन असतो. रेणूनं प्रकाश शोषला की हा हायड्रोजन टुणकन उडी मारून नायट्रोजनकडे जातो आणि शोषलेली ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. गळक्या माठात कितीही पाणी ओता, तळाशी काही उरत नाही. जस्त आलं की ते नेमकं त्या हायड्रोजनच्या जागी बसतं आणि गळती बुजते. मग ऊर्जेला प्रकाश होऊन बाहेर पडण्याखेरीज वाट राहत नाही, आणि रेणू पिवळा-हिरवा चमकतो.

तांब्याचं वागणं उलटं आहे. तांब्याच्या आयनात इलेक्ट्रॉनची एक जागा अर्धी रिकामी असते. ती शोषलेली ऊर्जा गिळून टाकते, त्यामुळे तांबं बसलं की पेटलेला दिवा बहुधा विझतो. विझणाऱ्या संवेदकावर विश्वास ठेवणं कठीण असतं, कारण दिवा इतर दहा कारणांनीही विझू शकतो. म्हणून तांबं आलं की उजळणारे किंवा रंग बदलणारे संवेदक घडवण्यावर इतकी मेहनत घेतली जाते. रंग बदलणारा सर्वांत भरवशाचा. त्यात दोन रंगांचं गुणोत्तर मोजतात, म्हणून रसायन कुठे थोडं जास्त पडलं किंवा कुठे कमी, तरी उत्तर फारसं चुकत नाही.

प्रयोगशाळेत काय करतात, आणि कुठे फसतात

संवेदक आधी डीएमएसओ या द्रावकात विरघळवून साठवतात, साधारण १ ते १० मिलिमोलार (मोलार हे द्रावणाच्या तीव्रतेचं एकक). त्यातला थोडा भाग ७.४ पीएचच्या बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात घालून ५-१० मायक्रोमोलारपर्यंत पातळ करतात. मग धातूचं द्रावण थेंबाथेंबानं वाढवत न्यायचं, दर वेळी मिनिटभर थांबायचं आणि प्रकाश मोजायचा. किती धातूवर प्रकाश वाढायचा थांबतो त्यावरून एक नांगी किती धातू धरते ते कळतं. नुसत्या द्रावणाच्या मोजणीतल्या चढउताराची तिप्पट घेऊन तिला आलेखाच्या चढानं भागलं, की कमीत कमी किती धातू ओळखता येईल तो आकडा मिळतो.

वाचायला हे सोपं आहे. प्रत्यक्षात पहिली चूक बफर निवडतानाच होते. फॉस्फेट बफर घेतला तर फॉस्फेट जस्ताला धरून साका करतं. ट्रिस बफर तांब्याला स्वतःच पकडतो. म्हणून या कामाला बहुधा हेपेस बफर घेतात. दुसरी चूक भांड्यांची. काच, रबर, साधं पाणी, सगळीकडे जस्ताचा अंश असतो. भांडी सौम्य नायट्रिक आम्लात भिजवून अतिशुद्ध पाण्यानं धुतली नाहीत, तर धातू घालण्याआधीच दिवा मिणमिणतो आणि नवखा संशोधक त्याला संवेदकाचा गुण समजतो.

यानंतरची परीक्षा निवडकपणाची. मेंदूतल्या द्रवात सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचं प्रमाण सुट्या जस्ताच्या हजारो पट असतं. त्या गर्दीत नेमकं जस्त ओळखता आलं पाहिजे. ८-हायड्रॉक्सिक्विनोलिन इथे नापास होतं, ते ॲल्युमिनियमलाही चमकतं आणि मॅग्नेशियमलाही. त्याच क्विनोलिनच्या सांगाड्यावरचा टीएसक्यू नावाचा रंजक मात्र १९८७ साली मेंदूच्या कापांमधलं जस्त दाखवण्यासाठी वापरला गेला. कॅडमियम हा जस्ताचा रासायनिक भाऊ, त्याला वेगळं ओळखणं आजही अनेक संवेदकांना जमत नाही.

मग एक साधी, पण कित्येकदा टाळली जाणारी चाचणी येते. दिवा पेटल्यावर त्यात ईडीटीए किंवा टीपेन यांच्यासारखी जास्त बळकट नांगी घालायची. तिनं धातू ओढून घेतला की दिवा विझला पाहिजे. विझला नाही, तर तो धातूमुळे पेटलाच नव्हता.

म्हाताऱ्या मेंदूच्या कापांत आणखी एक फसगत होते. वयानुसार पेशींत लायपोफ्यूसिन नावाचा गाळ साचतो आणि तो स्वतःच पिवळा चमकतो. रसायन न घातलेला काप शेजारी ठेवून तुलना केली नसेल, तर त्या सुंदर चित्रावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

शिवाय संवेदकाला सगळा धातू दिसत नाही. पेशीतलं बहुतेक जस्त प्रथिनांत घट्ट बांधलेलं असतं. ती मुदत ठेव झाली. संवेदक मोजतो ती हातातली रोकड, म्हणजे सुटं किंवा सैल जस्त. एकूण धातू मोजायला ऊतक आम्लात विरघळवून वेगळी यंत्रं लागतात. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत, त्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

औषध म्हणून तपासताना होणारी चूक तर सर्वांत महागात पडते. अमायलॉइडच्या गाठी मोजायला थायोफ्लेविन-टी हा रंजक वापरतात. गाठीला चिकटला की तो सुमारे ४८५ नॅनोमीटरला चमकतो. नवं संयुग घातल्यावर ही चमक कमी झाली, तर ‘गाठी विरघळल्या’ असं लिहिलं जातं. पण नवं संयुग स्वतः रंगीत आहे, स्वतःही चमकतं आणि गाठीवर त्याच जागी चिकटतं. त्यानं थायोफ्लेविनला ढकलून बाहेर काढलं किंवा त्याचा प्रकाश गिळला, तरी आकडा तसाच घसरतो आणि गाठ जागच्या जागी असते. म्हणून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून प्रत्यक्ष गाठी पाहिल्याशिवाय तो दावा पुरा होत नाही.

मग हाच दिवा रुग्णाच्या मेंदूत का लावत नाहीत?

पहिला अडथळा रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या भिंतीचा. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की रक्तातले बहुतेक रेणू आत जात नाहीत. आत जायचं तर रेणू लहान हवा, साधारण ४००-५०० डाल्टनच्या (हे रेणूच्या वजनाचं एकक) आत, विद्युतभार नसलेला आणि तेलात बऱ्यापैकी मिसळणारा. चमकणारा भाग आणि नांगी जोडली की वजन वाढतं. पाण्यात विरघळावं म्हणून भार दिला, तर दारातच अडतो.

दुसरा अडथळा त्याहून मोठा आहे, कवटी. निळा-हिरवा प्रकाश त्वचा आणि रक्त लगेच शोषून घेतात. ६५० ते ९०० नॅनोमीटरचा, लाल टोकाचा आणि त्यापलीकडचा प्रकाश थोडा खोल जातो. म्हणूनच अंधारात टॉर्चवर तळहात ठेवला तर तो लालच दिसतो. उंदराची कवटी कागदासारखी पातळ असते, तिच्यातून असा प्रकाश आत जाऊन परत येतो. माणसाच्या कवटीचं हाड कित्येक मिलिमीटर जाड, आणि हिप्पोकॅम्पस त्याच्याही खूप आत. वर्तमानपत्रात चमकणाऱ्या मेंदूचं चित्र दिसलं, तर ते बहुतेक वेळा उंदराचं असतं.

या अडचणीतून एक वाट मात्र खरोखर निघाली. थायोफ्लेविनच्या रेणूवरचा विद्युतभार काढून, त्याला किरणोत्सर्गी कार्बन-११ जोडून पिट्सबर्ग कंपाउंड-बी तयार झालं. प्रकाश कवटीबाहेर येत नाही, पण गॅमा किरण येतात. २००२ साली स्वीडनमधल्या उप्साला इथे एका रुग्णाच्या मेंदूतल्या अमायलॉइडचं असं पहिलं छायाचित्र घेतलं गेलं आणि हे काम २००४ साली प्रसिद्ध झालं. कार्बन-११ वीस मिनिटांत निम्मा होतो, म्हणून पुढे ११० मिनिटांचं अर्धआयुष्य असलेला फ्लोरिन-१८ आला. आज पेट स्कॅनमध्ये, म्हणजे असे गॅमा किरण टिपून चित्र काढणाऱ्या तपासणीत वापरले जाणारे अमायलॉइडचे काही रेणू त्या चमकत्या रंजकाच्याच वंशातले आहेत. चमक गेली, पण गाठ ओळखण्याची कला टिकली. धातू पकडणाऱ्या रेणूंबाबतही आता असाच प्रयत्न चालू आहे. नांगीत १२.७ तासांचं अर्धआयुष्य असलेलं तांबं-६४ बसवून तेच पेट स्कॅनमध्ये पाहायचं. हे काम प्रामुख्यानं प्राण्यांवर आहे.

दुसरी वाट डोळ्याची. दृष्टिपटल हा मेंदूचाच बाहेर आलेला भाग आणि त्याच्यापुढे हाड नाही. २०१७ साली लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी मोजक्या रुग्णांना नीट शोषलं जाणारं कर्क्यूमिन देऊन दृष्टिपटलावरचे अमायलॉइडचे ठिपके चमकवून दाखवले. तिथं धातू नव्हे, अमायलॉइड ओळखलं जातं.

दाखवणारी नांगी धातू काढूनही नेईल ना?

या कल्पनेला एक शब्द आहे, थेरानॉस्टिक, म्हणजे निदान आणि उपचार एकाच रेणूत. तर्क सरळ आहे. नांगी धातू धरतेच आहे, तर धरून गाठीतून बाहेर ओढू दे. गाठ सैल होईल आणि तांब्याचं जाळणंही थांबेल.

पण संवेदकाची आणि औषधाची गरज परस्परविरुद्ध आहे. चांगला संवेदक धातूला हलकेच शिवतो आणि मोजतो. मोजताना धातूच हलला, तर मोजणी खोटी. औषधाला धातू हलवायचाच असतो. बरं, किती बळानं? अमायलॉइड तांब्याला बऱ्यापैकी घट्ट धरतं, नांगी त्याहून घट्ट हवी. पण शरीरातली जीवनावश्यक विकरं (एन्झाइम) त्याच तांब्याला कित्येक हजार पट घट्ट धरून काम करतात. नांगी त्यांच्या जवळ पोचली, तर तिथलंही तांबं ओरबाडेल. मधली पट्टी अरुंद आहे.

क्विनोलिनच्या घराण्यातल्याच क्लिओक्विनॉलची कथा यासाठी माहीत हवी. हे जुलाबावरचं जुनं औषध. २००१ साली अल्झायमरसारखा आजार असलेल्या उंदरांना ते नऊ आठवडे तोंडानं दिल्यावर मेंदूतला अमायलॉइडचा साठा ४९ टक्के कमी भरला. २००३ साली ३६ रुग्णांवर चाचणी झाली. ज्यांचा आजार जास्त होता, त्यांच्यातच थोडा फरक दिसला. पण याच औषधाशी जपानमध्ये जोडली गेलेली मज्जातंतूंची आणि दृष्टीची हानी सुमारे १०,००० लोकांना भोगावी लागली होती आणि १९७० साली तिथे त्याची विक्री बंद केली गेली होती. मग त्याच सांगाड्यावर पीबीटी२ घडवलं. २००८ च्या १२ आठवड्यांच्या चाचणीत ते सोसलं आणि विचारक्षमतेच्या एक-दोन कसोट्यांत सुधारणाही दिसली. २०१४ साली वर्षभराच्या चाचणीचा निकाल आला. त्यात मेंदूतल्या अमायलॉइडवर ठोस परिणाम दिसला नाही.

या दोन्ही रेणूंचं एक वैशिष्ट्य मला फार महत्त्वाचं वाटतं. ते धातू शरीराबाहेर फेकण्यापेक्षा गाठीतून उचलून पेशीच्या आत नेऊन सोडतात, म्हणजे पोत्यातलं धान्य रिकाम्या फळ्यांवर मांडतात. मघाशी पक्की केलेली गोष्ट आठवा: धातू एकूण जास्त नाही, चुकीच्या जागी आहे.

नुसता धातू काढला तर?

याचं उत्तर आता माणसांवरच्या चाचणीतून मिळालं आहे आणि ते कठोर आहे. थॅलेसेमिया असलेल्या मुलांच्या घरांत डेफेरिप्रोन हे लोह काढणारं औषध ओळखीचं असतं. ऑस्ट्रेलियात सुरुवातीच्या अल्झायमरच्या ८१ जणांची चाचणी झाली. त्यांना वर्षभर, दिवसातून दोनदा, किलोमागे १५ मिलिग्रॅम हे औषध किंवा त्याच्यासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी दिली. २०२४ साली निकाल प्रसिद्ध झाला. हिप्पोकॅम्पसमधलं लोह खरोखर कमी झालं, म्हणजे औषधानं नेमलेलं काम केलं. पण औषध घेणाऱ्यांची बुद्धी इतरांपेक्षा जास्त वेगानं ढासळली.

२०२५ साली हार्वर्डच्या संशोधकांनी आणखी एक बाजू पुढे आणली. अमायलॉइडच्या गाठी मेंदूतलं नैसर्गिक, अत्यल्प लिथियम पकडून ठेवतात आणि भोवती त्याचा तुटवडा होतो. उंदरांना लिथियम ओरोटेट दिल्यावर फायदा दिसला. माणसांत हे सिद्ध झालेलं नाही आणि लिथियमच्या गोळ्यांनी वृद्धांची मूत्रपिंडं व थायरॉइड बिघडू शकतात, तेव्हा ती मनानं घेऊ नका.

म्हणूनच ‘शरीरातले जड धातू काढून स्मरणशक्ती परत आणतो’ अशा सलाइनच्या जाहिराती पाहून जीव तुटतो. त्यात वापरलं जाणारं ईडीटीए विद्युतभारित असतं, मेंदूच्या भिंतीपलीकडे जातच नाही. त्याचा डायसोडियम प्रकार रक्तातलं कॅल्शियम खेचतो आणि हृदय थांबू शकतं. अमेरिकेत २००३ ते २००५ दरम्यान असे तीन मृत्यू नोंदले गेले आहेत.

‘पण विल्सनच्या आजारात तर तांबं काढतातच की!’ हो, आणि त्यानं जीव वाचतात. तिथं जनुकातल्या दोषामुळे यकृताला जादा तांबं बाहेर टाकता येत नाही आणि ते संपूर्ण शरीरात साठतं. तो साठा काढायचाच असतो. अल्झायमर हा साठ्याचा आजार नाही.

तांब्याच्या भांड्यातलं पाणी बंद करायचं का?

तशा भांड्यातलं पाणी प्यायल्यानं अल्झायमर होतो, असं सिद्ध झालेलं नाही. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण ०.९ मिलिग्रॅम तांबं लागतंच आणि पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅमपर्यंत तांबं जागतिक आरोग्य संघटना मान्य करते. ताक, लिंबू-सरबत, चिंचेचं सार मात्र कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत ठेवू नका. आंबटपणा तांबं विरघळवतो, मळमळ आणि उलट्या होतात. ॲल्युमिनियमच्या पातेल्यांवरचा संशय १९६० च्या दशकापासूनचा आहे, पण त्यांना दोषी ठरवेल असा पुरावा मिळालेला नाही.

आणि हळद? कर्क्यूमिन धातूही पकडतं आणि गाठीलाही चिकटतं, पण खाल्लेल्या हळदीतलं फारच थोडं रक्तात पोचतं. रुग्णांवरच्या २४ आठवड्यांच्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही. स्वयंपाकातली हळद चालू द्या, कॅप्सूलवर पैसे घालवू नका.

आज घरात कुणाला विसर पडत असेल तर

धातूंचा संवेदक वापरून रुग्णाचं निदान आज कुठेही नेहमीच्या पद्धतीनं होत नाही. होतं ते असं: डॉक्टर स्मरण आणि व्यवहाराची चाचणी घेतात, एमआरआय करतात, आणि रक्तात बी-१२ व थायरॉइड तपासतात. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता सर्रास असते आणि तिच्यामुळे आलेला विसर लवकर सापडला तर भरून येऊ शकतो. पुढची पायरी अमायलॉइडचं पेट स्कॅन किंवा पाठीच्या कण्यातलं पाणी तपासण्याची. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेत टाऊ-२१७ (टाऊ प्रथिनाचं एक रूप) आणि अमायलॉइड यांचं गुणोत्तर मोजणाऱ्या रक्तचाचणीला मंजुरी मिळाली. लेकानेमॅबसारखी प्रतिपिंडाची औषधं अमायलॉइड काढतात आणि १८ महिन्यांत घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंदावतात. पण ती सुरुवातीच्या टप्प्यातच उपयोगी, आणि मेंदूला सूज किंवा रक्तस्राव तर नाही ना हे पाहायला वारंवार एमआरआय लागतात.

तपासणीला जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी सोबत न्या, ताकदीच्या म्हणून घेतलेल्या जस्ताच्या गोळ्यांसकट. महिनोन्महिने जास्त जस्त घेतलं तर आतड्यात तांबं शोषलं जात नाही, आणि तांब्याच्या कमतरतेनं पाय बधिर होतात, चाल डळमळते. हे पाहून डॉक्टर रक्तातलं तांबं तपासायला सांगतील.